बालवीर कसला, आठवी-नववीतला पोरगा तो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी तुमच्या पेपरची जुनी वाचक. ग्वाल्हेरला तुमचा पेपर पूर्वी एक दिवस शिळा यायचा, बाड्यावरच्या स्टॉलवरून आमचे हे घेऊन यायचे, आता मोबाईलवर चहाच्या आधीच येऊन पडतो, बाकी वाचायची पद्धत तीच आहे, आधी शेवटचं पान मग पत्रं मग उरलेलं. पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. थोडक्यात लिहा असं तुम्ही खाली छापता ते वाचलंय, पण ते मला जमणार नाही, मास्तरणीला थोडक्यात कधी जमलंय? कापायचंच असेल तर माझ्या घरच्या गोष्टी कापा, त्या पोराबद्दलचं काही कापू नका.

विषय असा की गेल्या रविवारी मुलांच्या पानावर तुम्ही एक चौकट छापलीत, ऑस्ट्रेलियाच्या जिम मार्टिनबद्दल. फोटो बरोबर आहे, तोच गणवेशातला. पण वर मोठ्या अक्षरात बालवीर, आणि खाली लिहिलंय की चौदा वर्षांचा हा मुलगा पहिल्या महायुद्धात गोळ्या छातीवर झेलत धारातीर्थी पडला. अहो, धारातीर्थ म्हणजे तलवारीच्या धारेचं तीर्थ, अडतीस वर्षं शिकवलाय मी हा शब्द, दर वर्षी कोणी ना कोणी पोर त्याचं वाक्यात उपयोग करताना आजोबा धारातीर्थी पडले असं लिहायचं आणि मी लाल रेघ मारायचे. तशीच रेघ तुमच्या चौकटीवर मारावीशी वाटली. कारण या मुलाला गोळी लागलीच नाही. तो टायफॉईडने गेला, हॉस्पिटलच्या जहाजावर, कॉटवर.

आता हिला काय माहीत असं तुम्ही म्हणाल. माझी लेक-जावई मेलबर्नला असतात, मी दोनदा जाऊन आले, दुसऱ्या खेपेला एप्रिल होता. तिकडे २५ एप्रिलला अँझॅक डे असतो. अँझॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची मिळून जी फौज होती तिचं नाव, ती १९१५ साली त्याच तारखेला पहाटे तुर्कस्तानात गॅलिपोलीला उतरली, म्हणून. पहाटे काळोखात माणसं तिथल्या युद्धस्मारकापाशी जमतात, म्हातारे कोतारे, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, कोटाला रोझमेरीची काडी खोचलेली, बिगुल वाजतो आणि मग अशी शांतता की माझ्या गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला. आपल्याकडे एवढी माणसं जमली की आधी माईक हॅलो हॅलो करतो. नंतर घरी येऊन ओट्स आणि खोबऱ्याची बिस्किटं खायची, त्यांना पण अँझॅकच म्हणतात, आपल्या नारळाच्या वडीची सर नाही पण चहाबरोबर चालतात.

तर माझ्या नातवाला शाळेतून काम दिलेलं की एक सैनिक निवडा आणि त्याच्यावर लिहा. नातू तेव्हा चौदाचा. त्याने जिम निवडला, का तर म्हणे, "आजी, हा माझ्याएवढाय." एवढंच कारण. मला इंग्रजी वाचायला येतं पण त्याच्या बोलण्यातलं अर्धं कळत नाही आणि त्याला माझं मराठी पाऊण कळतं, असे आम्ही दोघं डायनिंग टेबलवर दहा-बारा दिवस त्या जिमला घेऊन बसलो होतो. एकदा ट्रामने हॉथॉर्नला पण जाऊन आलो, जिम तिथे राहायचा. तिकडे जिम मार्टिनला शाळेतली पोरं ओळखतात, पहिल्या महायुद्धात वारलेला सगळ्यात लहान ऑस्ट्रेलियन सैनिक म्हणून.

पूर्ण नाव जेम्स चार्ल्स मार्टिन. जन्म ३ जानेवारी १९०१, मरे नदीच्या काठचं टोकमवाल म्हणून गाव आहे न्यू साउथ वेल्समधे, तिथला. घरात सगळ्या बहिणी, मुलगा हा एकटा. पुढे मंडळी मेलबर्नला हॉथॉर्नमधे आली, मॅनिंगट्री रोडच्या शाळेत हा शिकला, शाळेत कॅडेट होता, आपल्याकडे एनसीसी असते तसं समजा. शाळा संपल्यावर शेतावर कामाला लागला. तेवढ्यात युद्ध. वडील भरतीला गेले, त्यांना घेतलं नाही. घरात तोंड पाडून बसले असतील बिचारे. तर हा म्हणाला, तुम्हाला घेत नाहीत ना, मग मी जातो.

आईबाप नाही म्हणाले, कोणीही म्हणेल. मग त्याने काय धमकी द्यावी? तुम्ही परवानगी नाही दिली तर मी पळून जाईन, दुसऱ्या नावाने भरती होईन, आणि तुम्हाला एक पत्र टाकणार नाही. जेवणार नाही, जीव देईन, असलं काही नाही, पत्र टाकणार नाही. आणि दिली मग आईने परवानगी. तिला वाटलं असेल निदान खऱ्या नावाने जाईल, काही झालं तर कळेल तरी. मी पण आई आहे, त्या जागी मी काय केलं असतं हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही, कधी वाटतं कोंडून ठेवला असता, कधी वाटतं चौदा वर्षांचं पोर किती दिवस कोंडून राहतंय.

१२ एप्रिल १९१५ ला भरती झाला. वय लिहिलं १८. खरं वय १४ वर्षं ३ महिने. एकवीसच्या आतला असला तर आईबापांची लेखी परवानगी लागायची, ती होती. बाकी जन्माचा दाखला वगैरे कोण बघतंय. अंगाने बरा होता, उंची होती, आवाज फुटलेला असेल. आणि हे पण लक्षात घ्या की तिकडे सक्ती नव्हती, ऑस्ट्रेलियाची ती फौज सगळी आपखुशीने आलेल्यांची, पुढे १९१६ आणि १९१७ ला सरकारने सक्तीसाठी दोनदा लोकांचं मत घेतलं आणि लोकांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. म्हणजे जिमला कोणी पकडून नेलं नव्हतं. पण टेबलापलीकडच्या ज्या मोठ्या माणसाने १८ हा आकडा वाचून समोरच्या तोंडाकडे बघितलं असेल, त्याला काय दिसलं नसेल का हो? मिसरूड पण न फुटलेलं तोंड.

हे मी कोणाला विचारतेय, मी स्वतः तेच केलंय. सांगूनच टाकते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आता कोण काय करणार. आमच्या शाळेत जुलैमधे दाखले, म्हणजे प्रवेश, व्हायचे. आजूबाजूच्या गावांतून भाड्याने राहायला आलेली मंडळी, पोराला घेऊन उभी. जन्मतारीख विचारली की बाप पोराकडे बघायचा, पोर माझ्याकडे. "मैडमजी, आप ही लिख लो." मग मी १ जुलै लिहायचे. निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जुलै! वर्ष पण बाप सांगेल ते, एक-दोन कमीच सांगायचे, पुढे नोकरीला वय उरावं म्हणून, आणि भिंड-मुरैनाकडे नोकरी म्हणजे फौज, दुसरं काय. समोरचा पोरगा चांगला आठ वर्षांचा दिसतोय आणि मी रजिस्टरला सहा लिहितेय. जिमने चार वर्षं वाढवली, आम्ही दोन कमी करायचो. माझं अक्षर चांगलं होतं त्यामुळे रजिस्टर नेहमी माझ्याकडेच.

असो. पुढचं ऐका. तुमच्या चौकटीत हे काहीच नाही, थेट रणांगण आलंय, मधलं सगळं गायब.

२८ जूनला बेरिमा नावाच्या जहाजाने मेलबर्न सोडलं, २१ वी बटालियन. आधी इजिप्त, तिथे वाळूत कवायत. मग साउथलँड नावाच्या जहाजात घालून गॅलिपोलीकडे निघाले, तर २ सप्टेंबरला लेम्नोस बेटाच्या अलीकडे जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला. चाळीसच्या आसपास माणसं गेली. मजा म्हणजे, मजा कसली, पण बघा, जहाज बुडलं नाही, काही जण आपणहून परत इंजिनखोलीत उतरले, कोळसा टाकत राहिले आणि ते भोक पडलेलं जहाज बंदरापर्यंत नेलं. जिम तोपर्यंत पाण्यात. चार तास. नातवाने मला विचारलं, "चार तास कोणी पाण्यात काय करतं?" मी म्हटलं तुझी पोहण्याची शिकवणी पाऊण तासाची असते आणि परतताना तू गाडीत झोपतोस, आता तूच सांग. त्याने कागदावर चार तास असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या, मास्तरणीचा नातू.

८ सप्टेंबरला गॅलिपोलीला उतरला. तिथे जे चाललं होतं त्याला लढाई म्हणायचं तर म्हणा. एप्रिलमधे फौज उतरली ती किनाऱ्यालगतच्या टेकड्यांवर अडकली ती अडकलीच, तुर्कांचे खंदक काही ठिकाणी हाकेच्या अंतरावर. ऑगस्टमधे मोठा जोर लावून झाला, हजारो माणसं गेली, जमीन फारशी पुढे सरकली नाही. जिम पोचला तेव्हा नुसतं धरून बसायचं उरलं होतं. खायला डब्यातलं खारट मांस, दगडासारखी बिस्किटं आणि जॅम. जॅमचा डबा उघडला की माश्यांचा थर बसायचा, घास तोंडात जाईपर्यंत माशी पण आत. प्रेतं दोन्ही खंदकांच्या मधे तशीच पडलेली, त्याच माश्या तिकडून इकडे. पाणी मोजून. हगवण, पटकी नाही पण बाकी सगळं. टायफॉईडची लस निघाली होती तेव्हा, टोचायचे पण सैनिकांना, तरी माणसं तापाने पटापट पडत होती. गॅलिपोलीत आठ हजारांहून जास्त ऑस्ट्रेलियन गेले, तुर्क तर त्याच्या कितीतरी पट, आणि जे मेले नाहीत त्यांच्यातले हजारो आजारी होऊन जहाजांवर चढवले गेले.

आणि पाणी वर चढवत कोण होतं? आपली माणसं. हे तुमच्या मुलांच्या पानावर यायला हवं होतं खरं तर. हिंदुस्थानातून गेलेल्या खेचरांच्या तुकड्या रात्री अंधारात किनाऱ्यावरून पाणी, दारूगोळा, रेशन वर न्यायच्या, दिवसा नेलं तर वरून दिसायचं. पंधरा हजारांच्या आसपास हिंदी माणसं होती गॅलिपोलीला, शीख, गुरखे, पंजाबी मुसलमान, डोंगरी तोफा घेऊन गेलेल्या दोन बॅटऱ्या तर पहिल्याच दिवशी ऑस्ट्रेलियनांबरोबर उतरल्या. तिकडे सिम्प्सन म्हणून एक जण फार प्रसिद्ध आहे, गाढवावरून जखमींना खाली आणायचा, १९ मे ला मेला, बावीस वर्षांचा, तर तो राहायचा-जेवायचा आपल्या हिंदी तोफखान्याच्या लोकांबरोबर, ते त्याला बहादूर म्हणायचे. मेलेल्या हिंदी सैनिकांची नावं तिथे हेल्सच्या स्मारकावर आहेत. त्यांची वयं काय होती आणि खरी होती का खोटी, कोणी मैडमजीने १ जुलै लिहिली होती का, देव जाणे.

पत्रांचं सांगते. जिम घरी लिहीत होता, धमकी खरी करायची वेळच आली नाही. पण त्याला एक पत्र मिळत नव्हतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीचं त्याचं शेवटचं पत्र आहे, त्यात लिहिलंय की मी मजेत आहे, काळजी करू नका, आणि निघाल्यापासून मला तुमचं एकही पत्र आलेलं नाही, मी मात्र लिहितोय. आई लिहीत नसेल का? आई आणि बहिणी लिहीतच होत्या, टपाल कुठे फिरत होतं कोणास ठाऊक. पत्र टाकणार नाही म्हणून धमकावणारं पोर, आणि त्यालाच पत्र नाही. नातू हे वाचताना गप्प बसला होता, मग म्हणाला, "डॅम." मी रागावले नाही.

ताप आला तरी तो खंदकातच राहिला बरेच दिवस. २५ ऑक्टोबरला खाली आणलं, ग्लेनार्ट कॅसल नावाच्या हॉस्पिटल जहाजावर चढवलं. संध्याकाळी गेला. कागदावर हृदय बंद पडलं. जहाजावरच्या मेट्रनने नंतर त्याच्या आईला लिहिलं, की त्याला आणला तेव्हा फार खराब अवस्था होती, आम्ही जमेल ते केलं, त्याला बरं वाटलं, त्याने सिस्टरचे आभार मानले, मग झोपायला म्हणून कलंडला आणि अचानक गेला. समुद्रातच सोडला. कबर नाही, नाव तेवढं गॅलिपोलीतल्या लोन पाइनच्या स्मारकावर कोरलंय, हजारो नावांमधे एक. वय १४ वर्षं ९ महिने. गॅलिपोलीत सगळे मिळून सात आठवडे पण नाही झाले.

त्या मेट्रनचं पत्र वाचलं आणि मला आमची आजी आठवली. माझे एक काका मी जन्मायच्या आधी गेले, तेराव्या वर्षी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्याच आमच्या जुन्या घरात, मोतीझऱ्याने. मोतीझरा म्हणजे हेच, टायफॉईड, पुण्याकडे मुदतीचा ताप म्हणतात. आपले ते सात दिवस, चौदा दिवस, एकवीस दिवस मोजत बसायचे, क्लोरोमायसेटिन हे औषध यायच्या आधीची गोष्ट. एकविसाव्या दिवशी ताप उतरला, काकांनी मऊ भात मागितला, दोन घास खाल्ले, आजीला म्हणाले आता बरं वाटतंय, आणि झोपले ते उठलेच नाहीत. आजी ही गोष्ट सांगताना बरं वाटतंय या शब्दांपाशी थांबायची आणि पुढचं आम्हीच समजायचो. आमच्या घरात कोणी आजारातून उठताना बरं वाटतंय असं चटकन म्हणत नाही, ठीक आहे म्हणतो. आता सांगा, माझ्या काकांना बालवीर म्हणाल का तुम्ही? नाही ना. मग त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याच आजाराने गेलेल्या पोराला म्हणताय ते कशाच्या जोरावर, अंगावरच्या गणवेशाच्या?

मी फौजेच्या विरुद्ध बोलतेय असं कृपा करून समजू नका. मी लष्करची आहे, म्हणजे ग्वाल्हेरचं लष्कर, बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, इथे दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास छावणी टाकली ती उठलीच नाही, तिचंच शहर झालं. आमचे पत्तेच बघा, शिंदे की छावनी, कंपू. डोक्यावरून मिराज गेलं की आमच्या खिडक्या थरथरतात आणि आम्ही बोलता बोलता थांबतो आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलतो. माझ्या शिकवलेल्या पोरांतले किती फौजेत गेले मोजलेले नाहीत, दोन परत आले नाहीत ते मात्र मोजलेत.

आणि हॉस्पिटलच्या जहाजाचं म्हणाल तर त्याचा आमच्या गावाशी संबंध आहे, मुलांच्या पानासाठी ही गोष्ट फुकट देते. १९१४ मधे युद्ध सुरू झाल्यावर आमच्या महाराजांनी, म्हणजे पहिले माधवराव, ज्यांनी ग्वाल्हेरचा व्यापार मेळा सुरू केला ते, एम्प्रेस ऑफ इंडिया नावाची एक मोठी प्रवासी बोट विकत घेतली आणि जखमी-आजारी हिंदी सैनिकांसाठी तिचं हॉस्पिटल जहाज केलं. नाव ठेवलं लॉयल्टी. इंग्रजांना खूश करायला, हो, त्यात काय लपवायचं, नावातच आहे. पण तापलेल्या माणसाला कॉट मिळाली ती मिळाली. युद्धानंतर तीच बोट वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या कंपनीने घेतली, कंपनीला नाव दिलं सिंधिया, आणि ५ एप्रिल १९१९ ला ती लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस पाळतो. ग्वाल्हेरला समुद्र नाही, धड नदी पण नाही, स्वर्णरेखाचं काय झालंय ते येऊन बघा, पण सागरी दिवसात आमची बोट आहे. जिम ज्या जहाजावर गेला ते ग्लेनार्ट कॅसल मात्र १९१८ च्या फेब्रुवारीत टॉर्पेडोने बुडालं, हॉस्पिटलचं जहाज असून.

हे सगळं लिहायला बसले त्याचं खरं कारण आमच्या मागच्या खोलीतला भाडेकरू. मुरैना जिल्ह्यातला पोरगा आहे, पहाटे साडेचारला बुटांचा आवाज येतो, मेळा ग्राउंडवर पळायला जातो. तिकडे अशी पोरं शेकड्यांनी पळतात, सोळाशे मीटर, स्टॉपवॉच घेऊन, थंडीत तोंडातून वाफा. अग्निवीरला वय कमीत कमी साडेसतरा लागतं. याच्या धाकट्या भावाला पण आता तो बरोबर आणतो, सुट्टीत आला की, तो असेल तेरा-चौदाचा, त्याला पळवतो, "अभी से आदत पड़ेगी" म्हणून. रविवारी मी तुमची ती चौकट मोबाईलवर वाचत अंगणात बसले होते, या धाकट्याला मराठी येत नाही पण फोटो बघून थांबला. बच्चा है क्या ये, म्हणाला. मी म्हटलं हो, तुझ्याएवढा. फौजी ड्रेस असली है? म्हटलं असली. त्याचे डोळे असे चमकले की मला मोबाईल पालथा घालावासा वाटला. मग मी त्याला बसवून सगळं सांगितलं, पाण्यातले चार तास, माश्या, ताप, ते जहाज. तो ऐकत होता आणि खडे उचलून डब्यात टाकत होता. शेवटी एकच विचारलं त्याने, "उसकी मम्मी को उसकी चिट्ठी मिली थी कि नहीं?" मी म्हटलं त्याची पत्रं आईला मिळत होती, आईची त्याला मिळत नव्हती. तो म्हणाला, "तो फोन कर लेता." मोठ्या भावाने टपली मारली त्याला.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा. आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात खुलासा म्हणून नको, मुलं खुलासा वाचत नाहीत. मजकूर मी देते, हवा तर असाच घ्या: जिम मार्टिन, वय चौदा, वय खोटं सांगून फौजेत गेला, खंदकात आजारी पडला, टायफॉईडने वारला. धारातीर्थी काढून टाका आणि बालवीर पण काढा. फोटो तोच राहू द्या, पण मोठा छापा, चेहरा दिसेल इतका, म्हणजे बाकी कोणाला काही सांगायला लागणार नाही.

कळावे,
आपली एक वाचक (निवृत्त शिक्षिका)
लष्कर, ग्वाल्हेर

ता. क. आईचं नाव अमेलिया. चौकटीत वडिलांचं नाव होतं, तिचं नव्हतं. परवानगी तर तिनेच दिली होती, तेव्हा दोघांचं छापा.